शेलगावच्या नळाचं पाणी

आण्णांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि नेमके त्याच वेळी तांबोळी सर आमच्या दारात आले.

"काय आण्णा," सर हसत म्हणाले, "मॅडमच्या घरात चोरटा माल?"

आण्णाही हसले. त्यांनी बूच उघडलं, मान वर केली आणि ओठांना न लावता दोन घोट वरूनच घेतले. मला मात्र हसू आलं नाही. माझी कानशिलं तापली होती.

"आण्णा, ती बाटली आत ठेवा. मी पाणी आणते."

"असू दे गं संजू. घेतलीय तर संपवतो."

"मी आणते म्हटलं ना."

"तहान भागली बाई माझी," असं म्हणून त्यांनी बाटली पुन्हा पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवून दिली.

तांबोळी सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सकाळच्या कार्यक्रमासाठी माझ्या घरून नेलेले स्टीलचे पेले परत द्यायला ते आले होते. पेल्यांची पिशवी खाली ठेवताना त्यांची नजर दारावरच्या पाटीकडे गेली. सातवीच्या मुलींनी ती रंगवली होती: 'या घरात पाहुण्यांना नळाचं पाणी मिळेल.' अक्षरं सरांनीच आखून दिली होती.

"मी कुणाला सांगत नाही हां," ते जाता जाता म्हणाले. थट्टाच होती ती, पण मला झोंबली.

का झोंबली ते सांगायला हवं. आदल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक पालकाच्या हातात एकेक बाटली दिली गेली. निम्म्या लोकांनी दोन घोट घेऊन खुर्चीखाली टाकली. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या शाळेमागच्या ओढ्यात होत्या. मी पदर खोचून उतरले आणि मोजल्या. चारशे सव्वीस. मग शिपायांनी त्या ढीग करून पेटवल्या आणि दोन दिवस वर्गात तो कडवट धूर येत राहिला. मी शास्त्र शिकवत होते आणि खिडकीतून तो धूर येत होता. तिसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की पुढच्या वर्षी शाळेत बाटली येणार नाही.

शाळेचं एक वेळ सोपं होतं. गावाचं अवघड होतं. शेलगावच्या नळाला चांगलं पाणी येतं, घरात माणसं तेच पितात, पण पाहुणा आला की पोराला दुकानात पिटाळतात. पाहुण्यापुढे नळाचं पाणी ठेवणं म्हणजे कमीपणा. बारसं असो की तेराव्याचं जेवण, बाटल्या नाहीतर जार. मी घरोघर फिरले. चाळीस घरांनी पाटी लावली. माझ्यामागे लोक मला 'नळवाल्या बाई' म्हणायला लागले, ते मला ठाऊक होतं. श्रीरंग, माझे यजमान, मित्रांना सांगायचे, "आमच्याकडे दोन व्हॉल्व्ह आहेत. एक टाकीचा आणि एक हिच्या तोंडाचा. टाकीचा तेवढा बंद होतो." त्यांचंही खरंच होतं. मी एखादी गोष्ट धरली की मला सोडता येत नाही.

आणि ही गोष्ट मी मुळात घेतली होती ती आण्णांकडूनच. बोरखेडच्या ग्रामपंचायतीत त्यांनी एकतीस वर्षं पाणी सोडायचं काम केलं. पहाटे टाकीत टीसीएल टाकायची, म्हणजे जंतू मारायची ती पांढरी पावडर, मग एकेका आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि शेवटी गावाच्या टोकाच्या घरी जाऊन तिथल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं. त्यात औषधाचे दोन थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं. पिवळं झालं की आण्णा घरच्या बाईला म्हणायचे, "पाज आता लेकरांना." लहानपणी ती नळी धरायला मी असायचे. मी शास्त्राची बाई झाले ती त्या पिवळ्या रंगामुळे.

म्हणून त्या दिवशी, बावीस मार्चला, जलदिनाच्या कार्यक्रमाला मी त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावलं होतं. आण्णा स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून थेट शाळेत आले. त्यांनी व्यासपीठावर शाळेच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले आणि पिवळी नळी उंच करून मुलांना दाखवली. भाषण करा म्हटल्यावर म्हणाले, "पाणी चांगलं हाय. पित जावा." आणि खाली बसून दोन पेले पाणी प्यायले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला होता.

आणि तोच माणूस तासाभराने माझ्या घरात बसून विकतचं पाणी पीत होता.

आणखीही एक गोष्ट होती. मला दिवस गेले होते. नववा आठवडा चालू होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्याआधी दोनदा राहून गेलं होतं, एकदा दुसऱ्या महिन्यात आणि एकदा अडीच महिन्यांचं. या वेळी श्रीरंगशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. तीन महिने भरल्याशिवाय सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सांगितल्याने काही बिघडतं, असं वर्गात कुणी म्हटलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. पण स्वतःच्या बाबतीत धीर झाला नाही. दोन्ही वेळा मी सगळ्यांना आधी सांगून बसले होते.

बारा वाजले. मी भरली वांगी केली होती, आण्णांना आवडतात म्हणून. ताट वाढून आणलं तर त्यांनी फडकं सोडलं होतं.

"माझी भाकरी हाय की. आत्यानं बांधून दिलीय. वाया जाईल."

"भाकरी संध्याकाळी खा. हे गरम आहे."

"तुमी जेवा दोघं. माझं हे चांगलंय."

पडवीत भिंतीला टेकून ते ठेच्याशी भाकरी खायला बसले. आम्ही दोघं समोर ताटं घेऊन. उन्हानं स्लॅब तापला होता आणि पंख्याचं वारंसुद्धा गरम लागत होतं. चार घासांनंतर त्यांनी पिशवीत हात घातला, चाचपला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाटली कुठं गं?"

"कढीपत्त्याला ओतली."

मोटार मध्येच बंद पडली की टाकीकडे बघायचे, तसे आण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढचा घास घेतला. तो कोरडाच गेला असावा, कारण त्यांना उचकी लागली.

मी उठले, नळाचा पेला भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

"घ्या."

"थांबंल आपोआप."

"आण्णा, सकाळी शाळेत दोन पेले प्यालात. हीच टाकी, हाच पाइप. पाहिजे तर नळी काढा आणि तपासा."

"पाण्याचं काई न्हाई गं."

"मग कशाचं आहे?"

त्यांना पुन्हा उचकी आली. श्रीरंगनी हात धुतला. "संजीवनी, राहू दे," ते म्हणाले. "मी स्टँडवरून दुसरी घेऊन येतो."

"आणा. तीही ओतीन."

"अगं, वयस्कर माणूस आहे. असेल काही त्यांचं."

"काय असेल? मला कळू दे ना." मी पेला हातात घेऊन तशीच उभी होते आणि आता मला थांबता येत नव्हतं. "सात वर्षांत पाच वेळा आलात तुम्ही. चहा घेतला नाहीत, घास घेतला नाहीत. दर वेळी भाकरी बांधून आणि तांब्या भरून. तांब्या होता तेव्हा मला कौतुक वाटायचं. मी वर्गात सांगायची, माझे वडील प्रवासातसुद्धा घरचं पाणी नेतात. आता तांब्याची फिरकी बसत नाही तर तुम्ही बाटली विकत घेता, पण माझ्या घरचं घेत नाही. मी गावभर नळाचं पाणी प्या म्हणून हिंडायचं आणि माझ्याच बापाने माझ्या घरात ते प्यायचं नाही. आज तांबोळी सरांनी बघितलं. उद्या गाव बघेल. लोकांचं जाऊ दे. मी काय समजू? तुम्हाला माझ्या घराची शिसारी आहे असंच ना?"

"असं बोलू नये गं," आण्णा हळूच म्हणाले.

"मग प्या."

आण्णांना आणखी एक उचकी आली. त्यांनी भाकरीचा तुकडा फडक्यात परत ठेवला, हात झटकले आणि माझ्याकडे वर बघितलं.

"संजू, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"म्हंजी... काई सांगन्यासारखं?"

ते काय विचारत होते ते मला चांगलं समजलं. श्रीरंगनाही समजलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. सांगायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. फक्त तीन-चार आठवडे राहिले होते. माझ्या मनात आलं की आज सांगितलं आणि पुन्हा तसंच झालं, तर या माणसाला तिसऱ्यांदा कसं सांगायचं.

"नाही आण्णा. काही नाही."

"काईच न्हाई?"

"नाही म्हटलं ना."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केला.

"आन तो पेला."

त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. नेहमीसारखं वरून न ओतता ओठांना लावला आणि न थांबता सगळा रिकामा केला. उचकी थांबली. तोंड पुसून ते म्हणाले, "चांगलं हाय. टीसीएल बरोबर पडलीय."

मला अतिशय आनंद झाला होता. लपवून काय उपयोग, मी जिंकले असंच मला वाटलं. मी दुसरा पेला आणला, त्यातला अर्धा ते प्यायले. वांगी वाढली, ती खाल्ली. चार वाजता मी चहा केला तर तोही घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा आण्णा माझ्या घरी जेवले. निघताना ते श्रीरंगना म्हणाले, "जावईबापू, हिला जपा." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, जे ते कधी करत नसत. "आता मी असाच येत जाईन," ते म्हणाले. "भाकरी न्हाई, पाणी न्हाई. हात हालवत."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. परत येताना वाटेत तांबोळी सरांच्या दारात थांबून सांगितलं, की आण्णांनी पाणी घेतलं बरं का. सर म्हणाले, "मी गंमत केली होती हो मॅडम."

अठरा दिवसांनी ते गेलं. बारावा आठवडा चालू होता. पहिल्या दोन वेळांपेक्षा जास्त त्रास झाला आणि सोलापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. श्रीरंगनी बोरखेडला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा आले, तेव्हा मी कॉटवर कूस बदलून पडले होते. वॉर्डाच्या दारात त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"कितवा हुता?"

"बारावा आठवडा, मामा."

मी मान वळवून बघितलं तर आण्णा दाराला टेकून बोटांची पेरं मोजत होते.

"म्हंजी मी जलदिनाला आलो हुतो, तवा?"

"होय मामा. तेव्हा दिवस होते. तिनं कुणालाच सांगायचं नाही ठरवलं होतं."

आण्णा आत आले नाहीत. आत्यानं दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा त्यांनी श्रीरंगच्या हातात दिला आणि ते निघून गेले. मला वाटलं, मी तोंडावर खोटं बोलले म्हणून ते दुखावलेत. रागवायचा त्यांना हक्कच होता. बरी झाले की जाऊन पाय धरीन, असं मी मनाशी म्हटलं. पण बरं व्हायला वेळ लागला, आणि नंतर लाज वाटायला लागली. फोन केला की ते "बरं हाय ना? हां. घे, आत्याशी बोल," एवढंच म्हणत. हात हलवत येणार होते ते आलेच नाहीत.

त्या दिवाळीला मी बोरखेडला गेले. आई गेल्यापासून गोदाआत्या, आण्णांची विधवा बहीण, घर बघायची. ती उन्हात सुपात ज्वारी पाखडत बसली होती. आण्णा घरात नव्हते.

"कुठं गेलेत?"

"असंल टाकीखाली. दिसभर तिथंच बसतोय. काम मातर करत न्हाई. आता जो पाणी सोडतो त्यो बोलवायला येतो, पाणी तपासून द्या म्हनतो. ह्यो म्हनतो, माझ्या हाताला आता खात्री न्हाई." आत्यानं सूप खाली ठेवलं. "तू त्याला पाणी का पाजलंस गं संजे?"

मला आधी काही कळेचना. "कसलं पाणी?"

"तुज्या घरचं."

"आत्या, तो बाटलीचा हट्ट होता त्यांचा. आमचं गावात ते चाललंय ना, बाटल्या नकोत म्हणून—"

"बाटलीचं काय घेऊन बसलीस. लेकीच्या घरचं पाणी बाप पितो व्हय? नातवंड झाल्याबिगर?"

मी तिच्यासमोर बसले. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. आजीच्या तोंडून ऐकली होती, एका-दोघा म्हाताऱ्यांना पाळताना बघितलीही होती. पण आण्णा? आण्णांनी कधी उपास केला नाही, आईच्या मागे एवढं सांगूनही दिवस घातले नाहीत. मला शिकवलं, मी निवडलेल्या मुलाशी लग्न लावून दिलं. असा माणूस ही असली रीत पाळत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"ते कुठं मानतात असलं काही," मी म्हणाले.

"न्हाईच मानत. मीच एकदा म्हनलं त्याला, दादा, आता कोन पाळतंय, पोरीला वाईट वाटत असंल, पी की. तुजं दुसरं गेलं त्या वर्सीची गोष्ट. तर म्हनला, गोदे, रीत गेली खड्ड्यात. पर आता मी तिथं पाणी प्यालो तर त्याचा अर्थ काय हुईल? मी वाट बघायची सोडली असाच ना. मी न्हाई सोडनार." आत्यानं पदरानं डोळे पुसले. "आन् त्या दिशी रातच्याला जेवला न्हाई. म्हनला, आज लेकीच्या घरचं पाणी प्यालो. मी तिला इचारलं, काई हाय का. ती म्हनली न्हाई. पस्तिशी आली तिची. तिला किती वर्सं असं तिष्ठत ठेवू? तिला वाटतंय मला तिची शिसारी येती. बास झालं म्हनला. सोडलं मी."

मी उठले. आत्या मागून म्हणाली, "आता त्याला वाटतंय, त्यानं पाणी प्यालं आन् लेकरू गेलं."

टाकी गावाच्या वरच्या अंगाला होती. तिच्या सावलीत, जुन्या व्हॉल्व्हच्या कठड्यावर आण्णा बसले होते. सहा-सात महिन्यांत ते निम्मे झाले होते. मी शेजारी बसले.

"आत्यानं सांगितलं," मी म्हणाले.

"तिला कुनी सांगितलं हुतं तोंड उघडायला."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत आण्णा? त्या दिवशी मी एवढं बोलले."

"काय सांगू? तुला पोर न्हाई म्हनून पाणी पीत न्हाई, असं लेकीला तोंडानं सांगू?"

खालच्या आळीत कुणाच्या तरी नळाखाली घागर भरत होती, तिचा आवाज येत होता.

"आण्णा, पाणी पिण्यानं असं काही होत नाही. तुम्हाला तर माहीत आहे."

"ठावं हाय की. एकतीस वर्सं पाण्यातच गेली. पाण्यात काय असतंय आन् काय नसतंय, ते मला नको सांगू." त्यांनी कठड्यावरून हात फिरवला. "पर मन ऐकत न्हाई. तू न्हाई म्हनलीस, आन् मी सोडून दिलं. ते तर तिथंच हुतं, तुज्यापाशी. त्याला कळलं असंल, म्हातारा आता वाट बघत न्हाई."

मी त्यांचा हात धरला. मग दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलेलं, जे मी श्रीरंगशिवाय कुणाशी बोलले नव्हते, ते आण्णांना सांगायला लागले. वर्गात समजावून सांगते तसं सावकाश सांगितलं. की बाहेर पडलं बाराव्या आठवड्यात, पण वाढ फार आधी थांबली होती. सातव्या आठवड्यातच. सोनोग्राफीच्या कागदावर तसं लिहिलंय. आतलं थांबलं तरी शरीराला कळायला उशीर लागतो, कधी कधी महिनाभरसुद्धा.

"तुम्ही आलात त्याच्या आधीच दोन आठवडे ते थांबलं होतं," मी म्हणाले. "मी तुम्हाला काही नाही म्हणाले ना? ते खरंच होतं आण्णा. मला माहीत नव्हतं एवढंच. तुमच्या पाण्याचा काही दोष नाही."

मला वाटलं होतं, आता त्यांच्या छातीवरचं ओझं उतरेल. मी पुरावा घेऊन आले होते. आण्णांनी पुन्हा बोटांची पेरं मोजली, एकदा आणि परत एकदा.

"म्हंजी मी पेला हातात घेतला, तवा घरात आपन तिघंच हुतो," ते म्हणाले.

"हो आण्णा."

"मी इतके दिस चौघं धरून चाललो हुतो."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. त्यांना कसं थांबवायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर रडले. खालच्या आळीतून एक बाई घागर घेऊन वर येत होती, ती आम्हाला बघून मागे वळली.

दिवेलागणीला आम्ही घरी आलो. त्यानंतर ही गोष्ट आमच्यात पुन्हा निघाली नाही.

आण्णा त्यानंतर नऊ वर्षं होते. आम्हाला मूल झालं नाही. शेलगावात आता निम्म्याहून अधिक घरांत पाहुण्यापुढे नळाचं पाणी ठेवतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. ओढा बऱ्यापैकी स्वच्छ आहे. राहिलेल्या घरांशी मी अजून भांडते. आण्णा दोन-चार महिन्यांनी येत, रिकाम्या हातानं. पायातलं काढायच्या आधीच दारातून हाक मारत, "संजू, पाणी आन." मला बरं वाटावं म्हणून ते तसं करत, हे मला कळायचं. मी स्वयंपाकघरात जायची, पेला नळाखाली धरायची. तो भरून वाहायला लागला तरी माझा पाय तिथून हलायचा नाही. मग श्रीरंग आत यायचे, माझ्या हातातून पेला घ्यायचे आणि आण्णांना नेऊन द्यायचे.